डार्विनचा खटला आणि बोंडअळीची साक्ष

धुळे-सोलापूर महामार्गाने छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघाले की पाचोडनंतर वडीगोद्री येते. जालना जिल्हा, अंबड तालुका. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, कपाशी, ऊस, मोसंबीच्या बागा आणि थोडे पुढे शहागडला गोदावरी. आरक्षणाच्या प्रश्नावरील उपोषणामुळे २०२४ साली हे गाव राज्यभर माहीत झाले. या लेखात ते येते ते तिथल्या कपाशीमुळे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कोर्टात डार्विनच्या सिद्धांतावरून जो वाद झाला, त्यात ज्या साक्षीची उणीव राहिली ती साक्ष या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी पाहिली आहे. त्यासाठी त्यांनी किंमतही मोजली आहे.

त्या वादाचा एक पडसाद याच महामार्गावरच्या शहरात उमटला होता. जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, अखिल भारतीय वैदिक संमेलन भरले. केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह त्याला आले होते. डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितले नाही, कुठे लिहिले नाही. माणूस पृथ्वीवर दिसू लागला तेव्हापासून तो माणूसच आहे. आणि म्हणून शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन-तीन दिवसांतच देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून हे म्हणणे खोडले. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळायला सांगितले. अभ्यासक्रम तेव्हा बदलला नाही.

त्या काळात सिंह यांची पुष्कळ टिंगल झाली. मला ती योग्य वाटली नाही. ते मुंबईचे पोलीस आयुक्त होते. त्यांची सारी कारकीर्द गुन्ह्यांच्या तपासात गेली. ज्याने हयातभर तपास पाहिला तो माणूस विचारतो की हे कोणी पाहिले आहे का, तर त्या प्रश्नाला तपासाच्याच भाषेत उत्तर द्यायला हवे. वडीगोद्रीच्या पारावर बसलेला माणूसही हाच प्रश्न विचारतो आणि त्याच्या प्रश्नात काही वावगे नाही.

पण आधी तो मूळचा खटला.

अमेरिकेच्या टेनेसी राज्याने मार्च १९२५ मध्ये एक कायदा केला. माणसाच्या दैवी निर्मितीची बायबलमधली कथा नाकारणारा आणि माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असे सांगणारा कोणताही सिद्धांत सरकारी शाळांत शिकवायचा नाही, असा तो कायदा. विधेयक मांडणारे जॉन बटलर हे शेतकरी होते. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एका संघटनेने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की या कायद्याला आव्हान देणारा शिक्षक मिळाला तर त्याचा खटला आम्ही लढू. डेटन नावाच्या लहानशा गावातल्या काही मंडळींनी ती वाचली. खटला झाला तर गावात माणसे येतील, मरगळलेल्या धंद्याला हात मिळेल, असा त्यांचा विचार. औषधाच्या दुकानात बसून त्यांनी चोवीस वर्षांच्या जॉन स्कोप्स या शिक्षकाला बोलावून घेतले. स्कोप्स मुळात फुटबॉलचा प्रशिक्षक. जीवशास्त्राचे शिक्षक रजेवर असताना त्याने थोडे दिवस त्यांचा वर्ग घेतला होता. उत्क्रांती शिकवली की नाही हे त्याला नीट आठवतही नव्हते. तरी तो आरोपी व्हायला तयार झाला.

१० जुलै १९२५ ला खटला उभा राहिला आणि सारा देश डेटनकडे पाहू लागला. सरकारच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले. तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले, परराष्ट्रमंत्री राहिलेले, अमेरिकेतले सर्वांत गाजलेले वक्ते. स्कोप्सच्या बाजूने क्लॅरेन्स डॅरो, देशातले सर्वांत नावाजलेले फौजदारी वकील. शिकागोच्या एका रेडिओ केंद्राने कामकाज थेट प्रक्षेपित केले. असे अमेरिकेत पहिल्यांदाच घडत होते. बचाव पक्षाने शास्त्रज्ञ आणून ठेवले होते. न्यायाधीश रॉल्स्टन यांनी ठरवले की सिद्धांत खरा की खोटा हा प्रश्न कोर्टापुढे नाही. आरोपीने कायदा मोडला का, एवढेच पाहायचे आहे. मेनार्ड मेटकाफ या प्राणिशास्त्रज्ञाची साक्ष झाली, पण ज्युरीला बाहेर पाठवून. बाकीच्यांची निवेदने कागदावर राहिली. ज्या ज्युरीने निकाल द्यायचा होता, तिने उत्क्रांतीचा पुरावा ऐकलाच नाही.

मग २० जुलैला ते घडले ज्यामुळे हा खटला अजून लोकांच्या लक्षात आहे. उकाड्यामुळे आणि गर्दीमुळे कोर्ट बाहेर हिरवळीवर भरले होते. शास्त्रज्ञ बोलू शकत नाहीत म्हटल्यावर डॅरोंनी थेट ब्रायन यांनाच बायबलचे तज्ज्ञ म्हणून साक्षीला बोलावले. माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला योना, यहोशवाने थांबवलेला सूर्य, सहा दिवसांत निर्माण झालेली सृष्टी, असे एकेक प्रश्न आले. सृष्टीच्या निर्मितीचा दिवस चोवीस तासांचाच असेल असे नाही, तो पुष्कळ मोठा काळ असू शकेल, हे ब्रायन यांनी मान्य केले. म्हणजे ग्रंथाचा अर्थ लावावा लागतो, हे त्यांनी स्वतःच सांगितले. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ही सारी साक्ष नोंदीतून काढून टाकली. ज्युरीने नऊ मिनिटांत स्कोप्सला दोषी ठरवले. दंड शंभर डॉलर. पाच दिवसांनी ब्रायन डेटनमध्येच झोपेत वारले. १९२७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण शिक्षा रद्द केली. कारण पन्नास डॉलरच्या वरचा दंड ज्युरीने ठरवायला हवा होता, तो न्यायाधीशांनी ठरवला होता. तो कायदा पुढे १९६७ पर्यंत पुस्तकात राहिला.

या खटल्यावर जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ली या जोडीने 'इनहेरिट द विंड' हे नाटक लिहिले. १९५५ मध्ये ते ब्रॉडवेवर आले आणि त्याचे ८०६ प्रयोग झाले. १९६० मध्ये स्टॅन्ली क्रेमर यांनी त्यावर चित्रपट काढला. जगभर लोकांना जो खटला ठाऊक आहे तो बहुधा या नाटकातला. त्यात आरोपी तुरुंगात आहे, गाव त्याच्यावर चवताळून उठले आहे, ब्रायनसारखा दिसणारा ब्रेडी कोर्टातच कोसळतो. डेटनमध्ये यातले काहीच झाले नव्हते. स्कोप्स तुरुंगात नव्हता आणि गावकऱ्यांनी पाहुण्यांची चांगली सरबराई केली होती. हा इतिहास नव्हे, असे नाटककारांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे. त्यांना स्वतःच्या काळाविषयी बोलायचे होते. कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून लेखक, नट, प्राध्यापक चौकशी समित्यांपुढे उभे केले जात होते, नोकऱ्या जात होत्या. विचार करण्याचा हक्क हा त्या नाटकाचा खरा विषय. आपल्याकडे विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्येही रंगमंचावरचे कोर्ट कायद्यापेक्षा आरोप करणाऱ्या समाजाकडेच पाहायला लावते. नाटकाचे ते काम आहे आणि लॉरेन्स-ली यांनी ते उत्तम केले.

मात्र त्यामुळे ब्रायन यांच्यावर अन्याय झाला, असे माझे मत आहे. स्कोप्सच्या वर्गातले हंटर यांचे 'सिव्हिक बायॉलॉजी' हे १९१४ चे पाठ्यपुस्तक उघडून पाहिले तर त्यात उत्क्रांतीच्या शेजारी मानववंशांची उतरंड मांडलेली आहे आणि गोरे लोक सर्वांत वर आहेत. गरीब, व्यसनी, मतिमंद माणसांची कुटुंबे त्यात समाजावरची बांडगुळे म्हणून दाखवली आहेत. बळी तो कान पिळी हाच निसर्गाचा नियम, असे सांगून जर्मन सेनाधिकारी युद्धाचे समर्थन करत होते, हे ब्रायन यांनी वाचले होते. दुबळ्यांची बाजू घेणारा हा नेता अशा शिकवणुकीला घाबरला. त्याची भीती खरी होती. त्याने दोष मात्र चुकीच्या जागी ठेवला. वंशांची उतरंड हा डार्विनच्या नावावर खपवलेला माणसांचा दुराग्रह होता. जातीची उतरंड जन्मजात मानणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्याला हा फरक समजायला अवघड जाऊ नये.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. कोणी पाहिले?

आपल्या फौजदारी न्यायात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसला तरी गुन्हा सिद्ध होऊ शकतो. परिस्थितीजन्य पुराव्यावर. त्याचे निकष कडक आहेत. १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्याची पाच तत्त्वे सांगितली. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. प्रत्येक दुवा पक्का सिद्ध झालेला असावा, सगळे दुवे एकाच निष्कर्षाशी जुळावेत, दुसरी कोणतीही शक्यता उरू नये आणि साखळी कुठे तुटू नये, असा त्यांचा सारांश. त्या खटल्यात साखळी पुरी होत नाही म्हणून आरोपी सुटला. इतका कडक निकष उत्क्रांतीला लावून पाहू.

पहिला दुवा काळाचा. या भागाच्या काळ्या मातीखालचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हाचे थर. त्या खडकावर गोदावरीने फार नंतर गाळ-वाळू आणून टाकली. वडीगोद्रीहून गोदावरीच्या काठाने वर गेले की पैठणजवळ मुंगी हे गाव आहे. १८६० च्या दशकात भूशास्त्र सर्वेक्षणाचे ए. बी. विन यांना तिथे, जनावरांची जुनी हाडे ज्या थरात सापडतात त्याच थरात, माणसाने घडवलेला अकीकाचा धारदार छिलका मिळाला. गोदावरीच्या खोऱ्यातल्या अशा थरांतून आज नामशेष झालेले रानबैल आणि हत्ती यांचे अवशेष मिळाले आहेत. ज्याच्या सोबतीला आज पृथ्वीवर नसलेले प्राणी होते असा माणूस याच नदीकाठी दगड घडवत होता. जीवसृष्टी आज दिसते तशी नेहमी नव्हती, हे कळायला लांब जावे लागत नाही.

दुसरा दुवा शरीरात आहे. बैल आणि शेळी आपल्याला लागणारे क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस करू शकत नाही. त्याला ते मोसंबीतून, आवळ्यातून, भाजीतून घ्यावे लागते. ते तयार करणारे जनुक आपल्या पेशींत आहे, पण मोडलेले. वानरांमध्ये आणि माकडांमध्येही तेच जनुक आहे आणि मोडलेल्या खुणा पुष्कळ अंशी त्याच जागी आहेत. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, पण त्याचे जनुक निराळ्या तऱ्हेने मोडले आहे. परीक्षेत दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखी आली तर मास्तर काही म्हणत नाहीत. चुका सारख्या आल्या की दोघांनी एकाच वहीतून उतरवले हे त्यांना कळते. माणूस आणि वानर यांच्या डीएनएमध्ये अशा सारख्या चुका मोठ्या संख्येने आहेत. त्या एकाच पूर्वजाकडून आल्या, हे सोडून दुसरे कोणतेही स्पष्टीकरण त्या सगळ्यांना एकत्र लागू पडत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आजच्या माकडाचा माणूस झाला असे डार्विनने म्हटलेले नाही. चिंपांझी आणि माणूस यांचा एक समान पूर्वज होता. सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोन वाटा फुटल्या. मग माकडे अजून शिल्लक कशी, हा प्रश्न चुलतभाऊ अजून शिल्लक कसे असे विचारण्यासारखा होतो.

साखळी पुरी झाली. तरी कोणी म्हणेल, पाहिलेले नाहीच. माणसाच्या बाबतीत नाही, कारण लाखो वर्षे जगून ते पाहायला कोणी नव्हते. पण ज्याची पिढी महिना-सव्वा महिन्यात पुरी होते अशा जिवाच्या बाबतीत हा बदल पाहता येतो, आणि जालना जिल्ह्याने तो पाहिला आहे.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती या कंपनीच्या वाणांना. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे विष तयार करणारे जनुक या कपाशीत घातलेले होते. अळीने बोंड कुरतडले की ते विष तिच्या आतड्याला चिकटते, आतडे फाटते, अळी मरते. पहिली काही वर्षे फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढले, गावोगाव बीटीच बीटी झाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे नवे वाण आले. मग गुजरातेत पहिल्या विषाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी सापडली. २०१० मध्ये ते जाहीर झाले. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत दुसरे विषही तिने पचवले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्यांनी, म्हणजे आत अळी शिरल्याने न उमलणाऱ्या फुलांनी, शेते भरली. वरून बोंड ठीक दिसायचे, आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळट, कवडीचा. कित्येकांनी उभ्या पिकात नांगर घातला.

अळीने ठरवून काही केले नाही. लाखो पतंगांमध्ये दोन-चार असे होते की त्यांच्या जनुकात आधीच किंचित फरक होता आणि विष त्यांच्या अळ्यांच्या आतड्याला चिकटत नव्हते. एरवी त्या फरकाचा काही उपयोग नव्हता. शिवारभर बीटी उभी राहिली तेव्हा बाकीच्या अळ्या मेल्या, या उरल्या, त्यांचीच पिलावळ पुढच्या पिढीत वाढली. पिढ्यामागून पिढ्या हेच झाले आणि सारी जात बदलली. डार्विनने १८५९ मध्ये नैसर्गिक निवड म्हणून जे सांगितले ते हेच, शब्दशः हेच. अळीची अळीच राहिली, दुसरा प्राणी झाला नाही, असा आक्षेप येईल. बरोबर आहे, दहा-पंधरा वर्षांत एवढेच होते. हीच प्रक्रिया कोटी वर्षे चालली तर कुठे पोचेल, याची साक्ष वरच्या साखळीत आहे.

शास्त्रज्ञांना हे होणार हे आधीच माहीत होते, म्हणून तर बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणे दिले जायचे. कडेने त्या ओळी लावल्या की तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी संयोग करतात आणि संकरित पिलावळ बीटीवर मरते. पण ज्यात अळी पडणार ते बी मुद्दाम पेरायचे का, हे शेतकऱ्याला कोणी पटेल असे सांगितले नाही. पाकीट बहुतेक जागी बांधावर राहिले. त्यात जानेवारीनंतरही कपाशी उभी ठेवून फरदड घेण्याची रीत. अळीला वर्षभर घर मिळाले. हिरवी बोंडअळी तुरीवर आणि हरभऱ्यावरही जगते, म्हणून तिच्यावरचा दाब कमी राहिला. गुलाबी अळीचे सारे जगणे कपाशीवरच, म्हणून ती आधी बदलली. आणि अमेरिकेत, ज्या देशात उत्क्रांती शिकवली म्हणून दंड झाला होता, तिथे नॉन-बीटी कपाशीचे नियम पाळले गेले, नपुंसक पतंग सोडले गेले आणि २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे कपाशीच्या पट्ट्यातून उच्चाटन झाल्याचे सरकारने जाहीर केले.

म्हणून उत्क्रांती शिकवावी की नाही हा केवळ शहरी वादविवादाचा विषय आहे असे मला वाटत नाही. ती न समजल्याची किंमत वडीगोद्रीच्या शिवारात क्विंटलमध्ये मोजता येते.

श्रद्धेचे काय? याच जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, वरच्या अंगाला एकनाथांचे पैठण. चौऱ्याऐंशी लक्ष योनी इथे लहान मूलही ऐकत आले आहे. आपल्याकडे डार्विनशी उघडे भांडण फारसे झाले नाही, कारण आपण त्याला घरात घेतले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन अशी अवतारांची रांग म्हणजेच उत्क्रांती, हे थिऑसॉफिस्ट ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ मध्ये आणि ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये सुचवले होते. आज ते कीर्तनातही ऐकू येते. त्यात सलोखा आहे, पण विज्ञान नाही. अवतार धर्मरक्षणासाठी हेतूने घेतलेले असतात, निवडीला हेतू नसतो. योनींच्या कल्पनेत जीव शरीरे बदलतो, योनी मात्र तशाच राहतात. उत्क्रांतीत योनीच बदलते. दोन्ही एकच म्हटले की दोन्हींचे नुकसान होते. भक्ताला दशावताराचा अर्थ जीवाश्मांतून सिद्ध करायची गरज नाही, आणि विद्यार्थ्याला बोंडअळी समजण्यासाठी अवतार लागत नाहीत. पंढरीची वारी करणारा माणूस दोन्ही मनात ठेवू शकतो, आणि असे पुष्कळ जण आहेत.

कोर्टाची मर्यादा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वच्छ सांगितली. डार्विन आणि आइन्स्टाइन यांचे सिद्धांत चुकीचे ठरवावेत, अशी एक याचिका न्या. संजय किशन कौल आणि न्या. सुधांशू धुलिया यांच्यापुढे आली होती. तुम्हाला ते चुकीचे वाटत असतील तर कोर्टाने काय करावे, त्यात तुमच्या कोणत्या मूलभूत हक्काचा भंग झाला, असे विचारून त्यांनी ती फेटाळली. त्याच वर्षी एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलेला होता. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, असे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर शेतीत उतरणारा मुलगा आणि वाणिज्य घेणारी मुलगी बारावीचे जीवशास्त्र कधी वाचणार?

महाराष्ट्रात परिस्थिती बरी आहे. २०१८ मध्ये बालभारतीचे जे दहावीचे नवे पुस्तक आले त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. या पट्ट्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की तो धडा जूनमध्ये घाईने उरकू नका. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत थांबा, जवळच्या शेतातून चार डोमकळ्या वर्गात आणा, मुलांना त्या उलगडून अळी पाहू द्या आणि मग नैसर्गिक निवड शिकवा. त्यातले कित्येक विद्यार्थी पुढच्या काही वर्षांत स्वतःच्या नावावर बियाण्याचे पाकीट विकत घेणार आहेत.